अर्जात लिहिलेले अभ्यासेतर उपक्रम महाविद्यालये खरोखर पडताळून पाहतात का?

प्रश्न : दापोली तालुक्यातील एक आई

नमस्कार. माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. परदेशी विद्यार्थ्यांनाही आर्थिक मदत देणाऱ्या अमेरिकेतील काही महाविद्यालयांत ती यंदा पदवीसाठी अर्ज करणार आहे. अर्ज ‘कॉमन ॲप’ या अनेक महाविद्यालयांच्या सामायिक ऑनलाइन अर्जावरून भरायचा असून त्यात उपक्रमांसाठी दहा जागा आहेत. माझा प्रश्न त्या दहा जागांविषयी आहे.

नववीपासून ती आमच्या गावच्या पुळणीवर कासवमित्रांबरोबर जाते. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालायला येऊ लागल्या की पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन निघायचे, वाळूवर उमटलेला माग शोधायचा, कोल्ही-कुत्री पोहोचण्याआधी घरटे गाठायचे, अंडी मोजून उबवणी केंद्रात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची आणि तारीख, जागा व अंड्यांची संख्या वहीत लिहायची, असे हे काम आहे. ती वही शंभर पानी, साधी शाळेची आहे. ओल्या हातांनी उलटून पानांचे कोपरे फुगले आहेत आणि काही नोंदी पेन उमटेना म्हणून पेन्सिलने केलेल्या आहेत. या वहीखेरीज तिच्याजवळ या कामाचा एकही कागद नाही. गावात कोणी कोणाला प्रमाणपत्र देत नाही आणि आम्हीही कधी मागितले नाही.

दुसरे काम घरातले. माझ्या सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. मी अंगणवाडीत असते तेव्हा, म्हणजे महाविद्यालयातून आल्यापासून संध्याकाळपर्यंत, त्यांचे औषध, जेवण आणि कूस बदलणे मुलगीच पाहते.

शहरातील एका सल्लागाराकडे आम्ही गेलो होतो. त्याने आजीची सेवा हा उपक्रमच नव्हे असे सांगून ती ओळ काढून टाकली आणि कासवांच्या जागी ‘सागरी कासव संवर्धन संस्थेची संस्थापक अध्यक्ष, आठवड्याला २० तास, वर्षाला ५२ आठवडे’ असे लिहून दिले. अशी कोणतीही संस्था नाही, हे मी म्हणताच तो म्हणाला की हजारो मैलांवरून तपासायला कोण येणार आहे, सगळेच असे लिहितात. मुलगी त्या दिवसापासून गप्प आहे. आपण खरे लिहिले तर मागे पडू आणि त्याचे ऐकले तर पकडले जाऊ, अशी तिला दोन्हीकडून भीती वाटते. महाविद्यालये हे सर्व पडताळतात का, आणि कागद नसल्यामुळे तिचे खरे काम खोटे ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : समुपदेशक, रत्नागिरी

ताई, मी बारा वर्षे पुण्यातील एका शाळेत परदेशी प्रवेशांचे समुपदेशन केले आणि आता गावी परतलो आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रवेश कार्यालय प्रत्येक अर्जातील प्रत्येक ओळीमागे फोन करत नाही. तेवढी माणसे आणि तेवढा वेळ कोणत्याच विद्यापीठाकडे नसतो. कॉमन ॲपमध्ये उपक्रमांची प्रमाणपत्रे जोडायलाही कोणी सांगत नाही. सल्लागाराच्या बोलण्यात सत्य असलेच तर ते एवढेच आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, कारण अर्ज वाचणाऱ्याच्या समोर उपक्रमांची यादी एकटी येत नाही. तिच्यासोबत शाळेचा अहवाल येतो, समुपदेशकाचे आणि शिक्षकांचे शिफारसपत्र येते, मुलीने लिहिलेला निबंध येतो आणि काही ठिकाणी मुलाखतीचा वृत्तांतही येतो. मुलगी एका संस्थेची संस्थापक अध्यक्ष आहे आणि शाळेच्या अहवालात त्याचा उल्लेखसुद्धा नाही, ही विसंगती अनुभवी वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. शंका आली की एक ईमेल शाळेला जातो. मुलाखत घेणारे त्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थीही बहुतेक ठिकाणी अर्ज न पाहताच बोलायला बसतात, त्यामुळे मुलगी त्यांना जे सांगेल ते अर्जाशी जुळते की नाही हे नंतर आपोआपच दिसते.

आता सल्लागाराचे आकडे पाहू. आठवड्याला २० तास आणि ५२ आठवडे म्हणजे वर्षाला १,०४० तास झाले. आपल्या किनाऱ्यावर कासवांच्या विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो, शेवटची पिल्ले मे महिन्यापर्यंत समुद्रात जातात आणि पावसाळ्यात उबवणी केंद्रात काहीच नसते. जून ते ऑक्टोबर ही मुलगी पुळणीवर आठवड्याला २० तास कोणते काम करत होती, या प्रश्नाला तिच्याकडे काय उत्तर आहे? कासवांविषयी थोडेफार वाचलेला माणूससुद्धा हा प्रश्न विचारील. मंडणगड तालुक्यातील वेळास गावाचे कासव संवर्धन तर आज देशभर ठाऊक आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरतो. आपला किनारा कोणालाच ठाऊक नाही असे समजून खोटे लिहिण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

पहाटेचा सव्वा-दीड तास, आठवड्यातून पाच-सहा दिवस, असे धरले तर आठवड्याला ८ तास होतात. हंगाम २६ आठवड्यांचा धरला तर वर्षाला २०८ तास झाले. मला विचाराल तर १,०४० पेक्षा हे २०८ अधिक वजनदार आहेत, कारण त्यांना हंगामाचा, भरती-ओहोटीचा आणि परीक्षेच्या वेळापत्रकाचा आधार आहे. दहावीच्या वर्षी ती बोर्डाच्या परीक्षेमुळे जानेवारीनंतर गेली नसेल, तर ते आठवडे वजा करावेत. आठवड्यांचा आकडा एकच लिहायचा असल्यामुळे सर्व वर्षांची सरासरी धरली तरी चालते.

खोटेपणा पकडला गेल्यास काय होते, हेही सांगतो. अर्ज पाठवताना विद्यार्थी स्वतः असे प्रतिज्ञापूर्वक मान्य करतो की माहिती खरी आहे, आणि ती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होण्यापासून पदवी काढून घेतली जाण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. हे केवळ छापील शब्द नाहीत. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने उघड केलेल्या प्रकरणात रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन मुलांना खोटे खेळाडू बनवले होते. कधी न खेळलेल्या खेळाची छायाचित्रे काढून घेतली होती, काहींचे चेहरे दुसऱ्या खेळाडूंच्या धडावर चिकटवले होते. हा उद्योग २०११ पासून कित्येक वर्षे चालला, यावरून तपासणी किती ढिली होती हे कळते आणि ते मान्य करायला हवे. पण उघडकीस आल्यावर स्टॅनफर्डने एका विद्यार्थिनीचा प्रवेश रद्द केला, कारण तिच्या अर्जात शिडाच्या होड्यांच्या शर्यतींची खोटी कामगिरी दाखवलेली होती. तेव्हा ती तिथे शिकत होती. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. सल्लागार तुरुंगात गेला म्हणून त्या मुलीची गेलेली वर्षे परत आली नाहीत, आणि आपल्याला ‘सगळेच असे लिहितात’ असे सांगणाऱ्या माणसाची सही आपल्या मुलीच्या अर्जावर असणार नाही, हे विसरू नये. सही तिची असेल.

आजीच्या सेवेविषयी सल्लागाराने जे सांगितले ते तर साफ चूक आहे, आणि मला त्याचाच सर्वांत जास्त राग आला. कॉमन ॲपच्या उपक्रमांच्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा स्वतंत्र प्रकार दिलेला आहे, पगारी काम हाही आहे, पर्यावरण हाही आहे. जानेवारी २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून एक अहवाल निघाला आणि अनेक महाविद्यालयांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. घरातील माणसांची देखभाल आणि घराला हातभार लावणारे काम यांना प्रवेशाच्या वेळी महत्त्व द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ती ओळ पुन्हा घाला, आणि शेवटी नको, कासवांच्या खालोखाल घाला.

उत्तर २ : मूळचा मालवणचा, सध्या अमेरिकेत तिसऱ्या वर्षाला

काकू, माझा अनुभव सांगतो, कारण माझी पडताळणी प्रत्यक्ष झाली होती.

मी इतर अर्जांबरोबर कॅलिफोर्निया विद्यापीठालाही अर्ज केला होता. त्यांचा अर्ज वेगळा असतो, एकाच अर्जात विद्यापीठाच्या नऊही परिसरांची (कॅम्पसची) निवड करता येते आणि शिक्षकांची शिफारसपत्रे ते सहसा मागतच नाहीत. बहुधा त्यामुळेच त्यांनी पडताळणीची पद्धत ठेवली आहे: अर्ज आल्यावर काही विद्यार्थी यादृच्छिक पद्धतीने निवडायचे आणि त्यांना अर्जातील एखाद्या गोष्टीचा पुरावा मागायचा. ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही तर अर्ज रद्द होतो, आणि तो सर्वच परिसरांसाठी रद्द होतो. मला ईमेल आला तेव्हा मी इतका घाबरलो की आईला सांगायलाच दोन दिवस लावले. नंतर कळले की निवड झाली म्हणजे संशय घेतला असे नसते.

माझ्याकडे मागितलेला पुरावा वडिलांच्या धंद्यातील कामाचा होता. आमची होडी आहे. सातवीपासून मी बंदरावर लिलावाच्या वेळी उभा राहून कोणती मासळी कोणी किती भावाने उचलली, बर्फाचे आणि डिझेलचे किती गेले, खलाशांचा वाटा किती झाला, हे लिहीत असे. दाखला कसला असणार? मी मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवकाकांकडे गेलो. त्यांनी संस्थेच्या कागदावर मराठीत चार ओळी लिहून शिक्का मारून दिला, माझ्या इंग्रजीच्या सरांनी त्याचे भाषांतर करून खाली सही केली, आणि सोबत मी हिशेबाच्या वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले. एका पानावर सुरमईच्या ओळीवर तेलाचा डाग होता, तो तसाच गेला. आठवड्याभरात पुरावा स्वीकारल्याचे उत्तर आले.

आणखी एक गोष्ट. मी वर्षातील आठवडे ४३ लिहिले होते. दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या मुलाखतीत बोलता बोलता मी हे सांगितले तेव्हा त्या बाईंनी ४३ च का, असे विचारले. मी त्यांना सांगितले की १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, त्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात आणि मी जाळी विणायला बसतो, पण ते काम या हिशेबात धरलेले नाही. मग माशांच्या प्रजननावर, बंदीच्या आधीच्या आठवड्यात मिळणाऱ्या भावावर आणि पारंपरिक मच्छीमार व पर्ससीन जाळीवाले (मासळीचा थवाच्या थवा वेढून पकडणारी मोठी जाळी वापरणारे) यांच्यातील वादावर आमचे अर्धा तास बोलणे झाले. मी ५२ लिहिले असते तर हे बोलणे निघालेच नसते. प्रवेश मला शेवटी त्याच महाविद्यालयात मिळाला. तो त्या बोलण्यामुळेच मिळाला असे मी म्हणणार नाही, परंतु त्या अर्ध्या तासात मला एकदाही पुढचे वाक्य आठवून बोलावे लागले नाही.

आपल्या मुलीची वही जपून ठेवा आणि आजच तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

उत्तर ३ : निवृत्त प्राचार्य, सिंधुदुर्ग

वरील दोन्ही उत्तरे अमेरिकेविषयी आहेत. हा प्रश्न वाचणाऱ्या अनेक पालकांची मुले मात्र भारतातच अर्ज करणार असतील, म्हणून थोडी भर घालतो.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे प्रवेश प्रामुख्याने सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात, तिथे उपक्रम विचारातच घेतले जात नाहीत. जिथे ते घेतले जातात तिथे आपली व्यवस्था आधी कागद पाहते. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण हवे असतील तर शाळेचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो, स्पर्धा आणि प्रमाणपत्र तपासले जाते आणि त्यानंतरच तो मंडळाकडे पोहोचतो. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पुन्हा पडताळणी होते. माझ्या सेवाकाळात एका विद्यार्थ्याने कोणाकडून तरी मिळवलेले राज्यस्तरीय प्रमाणपत्र माझ्या समोर ठेवले होते. त्यावरील स्पर्धेच्या तारखांना तो मुलगा आमच्या हजेरीपटावर वर्गात उपस्थित होता. मी प्रस्तावावर सही केली नाही. त्याचे वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

दिल्ली विद्यापीठाची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. तिथे अभ्यासेतर उपक्रमांच्या जादा जागांसाठी ‘सीयूईटी’च्या, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या, गुणांना २५ टक्के आणि प्रत्यक्ष चाचणी व प्रमाणपत्रे यांना मिळून ७५ टक्के वजन असते. म्हणजे पखवाज वाजवतो असे लिहिणाऱ्याला परीक्षकांसमोर बसून तो वाजवून दाखवावा लागतो. आपल्याकडे दशावताराच्या मंडळात किंवा डबलबारीच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनात रात्ररात्र साथ करणारी मुले आहेत, त्यांच्याकडे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेचे कागद नसतात. अशा मुलांना माझे नेहमी सांगणे असते की प्रारंभिक आणि प्रवेशिका या परीक्षा देऊन ठेवाव्यात, कारण हात तयार असताना केवळ कागदाअभावी अर्ज अडू नये.

ताई, आपल्या प्रश्नातील एका वाक्याने मला अस्वस्थ केले. ‘आम्हीही कधी मागितले नाही,’ असे आपण लिहिले आहे. ही चूक आपली नाही, आम्हा शिक्षकांची आहे. मुले पहाटे काय करून वर्गात येतात याची विचारपूस आम्ही करत नाही आणि मग अर्जाच्या वेळी त्यांच्याकडे दाखवायला काही नसते.

पुन्हा प्रश्नकर्ती आई

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. मुलीने सर्व उत्तरे स्वतः वाचली आणि सल्लागाराचा मसुदा बाजूला ठेवला. तिने वही काढून हिशेब मांडला तेव्हा नववीत २४, दहावीत केवळ ९ आणि अकरावीत २६ आठवडे भरले. सासूबाईंना तिने अर्जात त्यांचेही काम लिहिणार असल्याचे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझां काय लिवतंस गो त्यात!’

एक अडचण राहिली आहे. नववी-दहावी तिने गावच्या हायस्कूलमध्ये केली आणि अकरावीपासून ती दुसरीकडे आहे. नव्या महाविद्यालयातील सरांना तिचे गुण ठाऊक आहेत, कासवे ठाऊक नाहीत. आमच्याकडे समुपदेशक हा प्रकारच नाही. शिफारसपत्रात याचा उल्लेख कसा येणार?

उत्तर ४ : समुपदेशक, रत्नागिरी

ताई, ही अडचण आपल्या भागातील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला येते, कारण अर्जात नववी ते बारावी ही चार वर्षे एकत्र धरलेली असतात आणि आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदलते.

समुपदेशक नसल्यास प्राचार्य किंवा उपप्राचार्य ते काम करू शकतात. तसे अर्जात नोंदवता येते. मुलीने त्यांच्यासाठी एक पानभर माहिती लिहून द्यावी, तिच्यात कासवांचे काम, आजीची देखभाल आणि दहावीतील ९ आठवड्यांचे कारण साध्या शब्दांत सांगावे. वहीही सोबत न्यावी आणि सरांना ती चाळू द्यावी, म्हणजे ते जे लिहितील ते स्वतः पाहून लिहितील. जुन्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांची दोन ओळींची टीप मिळाली तर प्राचार्यांना तिचा आधार घेता येईल.

याशिवाय काही महाविद्यालये शिक्षकांव्यतिरिक्त आणखी एका व्यक्तीचे पत्र स्वीकारतात. प्रत्येक महाविद्यालयाचा नियम वेगळा असतो, काही ठिकाणी असे पत्र मुळीच चालत नाही, त्यामुळे कॉमन ॲपवर त्या त्या महाविद्यालयाच्या पानावर आधी पाहावे. जिथे चालते तिथे ज्या कासवमित्रासोबत ती पहाटे जाते त्यांनाच लिहू द्या. त्यांना इंग्रजी येत नसेल तर त्यांनी मराठीत लिहावे आणि एखाद्या शिक्षकाने भाषांतर करून तसे खाली नमूद करावे. मुलीने स्वतः भाषांतर करू नये. पत्र मोठ्या पदावरच्या माणसाचे असण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी तिला माग कसा ओळखायचा ते कोणी शिकवले आणि आता ती दुसऱ्या मुलांना काय शिकवते, हे त्यांच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही. वन विभागाकडे घरट्यांच्या नोंदी जात असतील तर स्थानिक वनरक्षकांना भेटून तिच्या वहीतील तारखा त्यांच्या नोंदींशी एकदा जुळवून घ्याव्यात.

उपक्रमाच्या वर्णनाला केवळ १५० अक्षरांची मर्यादा आहे, त्यातील एकही अक्षर ‘अध्यक्ष’सारख्या पदावर खर्च करू नये. पदाच्या जागी ‘कासवमित्र, स्वयंसेवक’ एवढेच लिहावे आणि वर्णनात पहाटेची गस्त, अंडी हलवणे, नोंदवही आणि तिने स्वतः शोधलेल्या घरट्यांची संख्या द्यावी. ती संख्या वहीतून मोजून घ्यावी, आठवणीने लिहू नये.

लवकरच्या फेरीची, म्हणजे आधी अर्ज करून आधी निकाल मिळण्याच्या फेरीची, मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. प्राचार्यांना किमान तीन आठवडे हातात मिळावेत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीची वाट न पाहता या सोमवारीच त्यांना भेटावे.